विश्लेषण : विंडोज १०ला निरोप, पण घरचा संगणक दुरुस्त करायचा की बदलायचा?

गेल्या १४ ऑक्टोबरनंतर पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली अशा भागांतल्या अनेक घरांमध्ये एकच दृश्य दिसू लागले. कोपऱ्यातल्या टेबलावरचा, करोनाच्या काळात मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी पुन्हा झटकून सुरू केलेला संगणक चालू करताच पडदाभर सूचना येते की या संगणकाला यापुढे आधार मिळणार नाही. काहींनी ती बंद करून काम सुरू ठेवले, काहींनी संगणक बिघडला असे समजून थेट दुकान गाठले, तर काहींनी ‘आता नवाच घ्यावा लागेल’ हा सल्ला ऐकून खिशाचा अंदाज घ्यायला सुरुवात केली. नेमक्या त्याच सुमारास जगभर रॅम आणि एसएसडीचे भाव चढले. त्यामुळे जुना दुरुस्त करणेही महाग आणि नवा घेणे त्याहून महाग, अशी कोंडी झाली आहे. त्या सूचनेचा अर्थ काय, घरातल्या संगणकाचे नेहमीचे बिघाड कोणते आणि खर्च नक्की कुठे करायचा, याचा हा आढावा.

नेमके काय बंद झाले?

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली. दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी मोफत सुरक्षा सुधारणा देणे थांबवले. संगणक बंद पडत नाही, फायली जात नाहीत, टॅली, वर्ड किंवा ब्राउझर पूर्वीसारखेच चालतात. फरक एवढाच की प्रणालीत नवी त्रुटी सापडली तर ती बुजवणारा ‘पॅच’ घरच्या संगणकाला आपोआप मिळणार नाही. घराचे कुलूप आजही लागते, पण त्याची दुसरी किल्ली कोणी बनवली तर कुलूप बदलून देणारा माणूस आता येणार नाही, असे काहीसे.

मात्र यातही पळवाट आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा सुधारणांची योजना ठेवली आहे. त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढीच स्थानिक रक्कम भरता येते, मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस योजनेतले १००० गुण वापरता येतात, किंवा काहीही न भरता संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवता येतात. तिसरा मार्ग फुकट आहे. अट एवढीच की संगणकावर विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी आणि मायक्रोसॉफ्ट खाते असावे. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’ या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. एका खात्यावर दहा संगणक नोंदवता येतात, म्हणजे आजोबांचा आणि नातीचा संगणक एकाच खात्यात बसतो. उशिरा नोंदणी केली तरी मधल्या काळातल्या सुधारणा मिळतात. दुकानदाराने ‘विंडोज १० संपले, आता नवा घ्या’ असे सांगितले तर आधी हे पान उघडून पाहावे.

जेएनपीटीत काय घडले होते?

सुरक्षा सुधारणा हा विषय कागदी वाटतो. पनवेलकरांना तो तसा वाटण्याचे कारण नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक त्याच्या तावडीत सापडले आणि पनवेलपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले, त्याच समूहाचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झाले. कंटेनरची नोंद, कोणता डबा कुठे ठेवला, कोणता ट्रक आत सोडायचा हे सारे संगणकावर. ते गेल्यावर काही काम हाताने करण्याची वेळ आली. मर्स्कने नंतर आपल्या नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर असा दिला.

हा प्रोग्रॅम पसरण्याच्या मार्गांपैकी एक मार्ग विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून जात होता, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिला होता. साडेतीन महिने तो उपलब्ध होता. त्याआधी, मे महिन्यातल्या ‘वॉनाक्राय’नेही तीच त्रुटी वापरली होती आणि त्या वेळी परिस्थिती इतकी चिघळली की २०१४मध्येच आधार बंद झालेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून पॅच काढावा लागला. घरच्या संगणकावर कोणी बंदर चालवत नाही, हे खरे. पण त्यावर बँकेचे पासवर्ड असतात, सोसायटीचे हिशेब असतात, मुलांचे दाखले आणि पंधरा वर्षांचे फोटो असतात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांना लक्ष्य कोण आहे याने फरक पडत नाही, कारण हे काम माणूस निवडून करत नाही. प्रोग्रॅम उघडे दार शोधत फिरतो.

विंडोज ११ जुन्या संगणकावर का चढत नाही?

मोफत असूनही विंडोज ११ अनेक चालू संगणकांवर बसत नाही. कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठवी पिढी किंवा पुढची. ही पिढी बाजारात आली २०१७च्या उत्तरार्धात. म्हणजे त्याआधी घेतलेले बहुतेक घरगुती संगणक या परीक्षेत नापास.

पिढी ओळखणे सोपे आहे. ‘धिस पीसी’वर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की प्रोसेसरचे नाव दिसते. आय५-७४०० असे लिहिले असेल तर सातवी पिढी, आय३-८१०० असेल तर आठवी, आय५-१०४०० असेल तर दहावी. आठवी किंवा पुढची पिढी असूनही ‘टीपीएम नाही’ असा निरोप येत असेल तर बहुधा ती चिप नसते असे नाही, ती मदरबोर्डच्या बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने ती सुरू करता येते. दहा मिनिटांचे हे काम आहे. त्याअभावी चांगला संगणक भंगारात गेल्याची उदाहरणे आहेत.

अपात्र संगणकावर अटी चुकवून विंडोज ११ घालून देणारेही आहेत. ते चालतेही. पण अशा संगणकाला पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी खटाटोप केला तेच कारण अधांतरी राहते.

मंद झाला म्हणजे बिघडला का?

घरच्या संगणकाबद्दलची सर्वांत मोठी तक्रार बंद पडण्याची नसते, मंद होण्याची असते. कळ दाबून चहा टाकावा, चहा होऊन यावा आणि पडद्यावर अजून गोल गोल फिरत असावे. इथे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडला तर बरेच काही कळते. त्यात ‘डिस्क’च्या खाली बराच वेळ १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. विंडोज १० आणि त्यापुढची प्रणाली पार्श्वभूमीवर इतक्या फायली वाचते-लिहिते की मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीला ते झेपत नाही. अशा संगणकात साधी साटा एसएसडी घातली तर तो मिनिटांऐवजी सेकंदांत सुरू होतो. घरगुती संगणकावर केलेल्या खर्चांत यापेक्षा जास्त फरक दाखवणारा दुसरा खर्च नाही. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे डिस्क बदलली तरी तो जात नाही, पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

‘मेमरी’ सतत ८०-९० टक्क्यांवर असेल तर मात्र रॅम कमी पडते आहे. ४ जीबीवर आजचा ब्राउझर दहा टॅब घेऊन धापा टाकतो. त्यावरचा पहिला उपाय पैशांचा नाही. ‘स्टार्टअप’ या टॅबमध्ये जाऊन संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करावेत, दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा. विंडोजमध्ये मुळातला ‘डिफेंडर’ असतोच. त्यावर दुसरा, त्याची मुदत संपल्यावर तिसरा असे थर चढलेले संगणक सर्रास आढळतात.

आता काही विशिष्ट लक्षणे. संगणक सुरू होतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा आणि आतून लागोपाठ ‘बीप’ ऐकू येते. हे बहुतेकदा रॅमचे असते. कोकणच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो आणि जोड सुटतो. वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून, रॅम बाहेर घेऊन तिच्या दातांवरून साधे खोडरबर हलकेच फिरवायचे, कपड्याने पुसून पुन्हा ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवायची. लॅमिंग्टन रोडपासून पनवेलच्या बाजारापर्यंतचे तंत्रज्ञ हेच करतात आणि त्याचे शुल्क घेतात, त्यात गैर काही नाही. पण घरच्या घरी करता येण्यासारखे ते आहे.

दुसरे लक्षण अधिक फसवे. इंटरनेट चालू आहे, तरी बँकेचे किंवा सरकारी संकेतस्थळ उघडताना ‘तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. वायफायवाल्याला फोन जातो, बँकेला शिव्या बसतात. प्रत्यक्षात संगणकाच्या कोपऱ्यातल्या घड्याळात २०१५ साल असते. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो काही वर्षांनी संपतो आणि वीज गेली की संगणक तारीख विसरतो. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ठरावीक तारखांपुरती वैध असतात. संगणकाच्या मते अजून २०१५ असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेले’ दिसते. हा सेल घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. सीईटीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो संपला तर मात्र त्याची किंमत वेगळीच वाटते.

हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक-टक’ आवाज येऊ लागला तर संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक वेळी तबकडीवर ओरखडा वाढण्याची शक्यता असते. आतले फोटो हवे असतील तर तो तिथेच बंद करावा. एसएसडीबाबत तर आवाजाचा इशाराही नसतो, ती एका सकाळी गप्प होते आणि पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता तबकडीपेक्षा कमी असते. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत ठेवणे हा कंटाळवाणा सल्ला आहे, पण त्याला पर्याय सापडलेला नाही.

निळा पडदा आला तर? हातात फोन असतोच, त्याने पडद्याचा फोटो काढावा. खाली इंग्रजीत लिहिलेला थांब-संकेत हाच रोगाचा धागा असतो आणि तो काही सेकंदांत निघून जातो. एकदाच आला तर सोडून द्यावा. रोज येत असेल तर नुकतेच काय बसवले ते आठवून काढावे, रॅम तपासावी. १९ जुलै २०२४ रोजी जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच वेळी निळे झाले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. तेव्हा दोष संगणकांचा नव्हता, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष अपडेटचा होता. घरगुती संगणकांना त्याची झळ लागली नाही, कारण ते सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये वापरतात.

वायफायच्या तक्रारीतही फोनच उपयोगी पडतो. त्याच खोलीत, त्याच वायफायवर फोन नीट चालत असेल तर दोष संगणकात. फोनही अडखळत असेल तर राउटरमध्ये किंवा बाहेर. दाट टॉवरांच्या वस्तीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे डझनभर राउटर एकमेकांवर ओरडत असतात. ५ गिगाहर्ट्झ मोकळा असतो, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे त्याचा जीव जातो. आणि अगदीच अडले तर फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडून ‘टेदरिंग’ सुरू करता येते, त्यासाठी संगणकात वायफाय असण्याचीही गरज नाही.

मराठी घरांचा म्हणून एक खास प्रश्न आहे. जुनी पत्रिका, सोसायटीचे जुने इतिवृत्त किंवा वडिलांनी टाइप केलेले लेख नव्या संगणकावर उघडले की निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ती युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या फाँटमध्ये टाइप केलेली असते आणि तो फाँट नव्या संगणकावर नसतो. तो फाँट बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. जुना संगणक विकण्याआधी हे केलेले बरे, कारण तो फाँट बहुधा त्याच संगणकावर उरलेला असतो.

वीज आणि पाऊस यांचा हिशेब कोण ठेवतो?

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की प्रिंटरमधला कागदही ओल धरतो आणि अडकू लागतो. तो प्रिंटरचा बिघाड समजला जातो. कागदाचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर निम्म्या तक्रारी मिटतात. उलट इंकजेट प्रिंटर वापराविना पडून राहिला तर शाई सुकून नळ्या तुंबतात. आठवड्यातून एक रंगीत पान छापणे हे काडतूस वाया जाण्यापेक्षा स्वस्त पडते.

खरा घात विजेचा. वीज गेल्याने संगणकाचे जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त ती परत येताना होते. परतताना दाब क्षणभर उसळतो आणि संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, जळतो. पावसाळ्यात वीज जाताच संगणकाचा प्लग काढणे आणि ती येऊन काही मिनिटे स्थिर झाल्यावरच लावणे एवढ्यानेही बरेच निभावते. यूपीएस असेल तर आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. वीज गेली आणि यूपीएससह संगणक लगेच बंद पडला, तर नवा यूपीएस घेण्याची गरज नाही, बॅटरी बदलली की झाले. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीच जोडू नये. तापताना तो इतकी वीज ओढतो की यूपीएस माघार घेतो.

संगणकाच्या लोखंडी डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या पनवेलमधल्या वाड्यांत आणि चाळींतही आहे आणि नव्या इमारतींतही. बहुतेक वेळा याचा अर्थ अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. एसएमपीएसमधला गाळणी-भाग थोडी वीज अर्थिंगकडे सोडतो. तिला वाट मिळाली नाही की ती डब्यावर थांबते. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात अडॅप्टर लावून घुसवला की हेच होते. ही तक्रार संगणकवाल्याकडे नेण्याची नाही, परवानाधारक वायरमनला दाखवण्याची आहे. आणि मुलांच्या हातापायांशी तिचा संबंध असल्यामुळे ती ‘नंतर बघू’ म्हणून सोडण्यासारखीही नाही.

विजांचा कडकडाट सुरू असताना केवळ वीजजोड काढून भागत नाही. एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर आणलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधूनही उसळी येते आणि राउटरसकट मदरबोर्डवरचा नेटवर्कचा भाग जाळते. फायबरच्या तंतूतून वीज वाहत नाही, मात्र त्याच्या डब्याच्या अडॅप्टरमधून वाहते.

पडद्यावर आलेला फोन नंबर कोणाचा?

संगणक अडला की माणूस शोधयंत्रात ‘प्रिंटर हेल्पलाइन’ असे लिहितो. इथेच खरा धोका सुरू होतो. कंपनीच्या नावाने उभी केलेली बनावट पाने असतात. दुसऱ्या प्रकारात ब्राउझर अचानक पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो, ‘संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर लगेच फोन करा’ असे झळकते. फोन केला की पलीकडचा गोड बोलणारा माणूस दुरून नियंत्रण देणारे ॲप बसवायला सांगतो आणि पुढच्या अर्ध्या तासात खाते रिकामे होते. अशा एका ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९मध्येच बँकांना सावध केले होते. ऑक्टोबर २०२३मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले. त्यातल्या दोन प्रकरणांत तक्रारदार ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट होते, कारण त्यांच्या नावाने बनावट मदत केंद्रे चालवून परदेशी ग्राहकांना लुबाडले जात होते. जो धंदा आधी इंग्रजीतून परदेशात चालत होता, तो आता मराठी-हिंदीतून इथेही चालतो.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशांत फोन नंबर कधीच नसतो, असे ती कंपनी स्वतः सांगते. पडदा अडकला तर एस्केपची कळ दाबून धरावी, नाहीतर ऑल्ट आणि एफ४. तेही नाही जमले तर बंद करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येतात आणि त्यात पहिले काही तास निर्णायक ठरतात. पनवेल परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो, लेखी तक्रार तिथे करता येते. संगणकातली घाण काढायची असेल तर केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’त मोफत साधने आहेत. २०१७पासून हे केंद्र सुरू आहे, पण त्याचे नाव दुकानात कोणी सांगत नाही.

चोरीचे विंडोज हा याचाच जोडविषय. ‘ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणून जे प्रोग्रॅम चालवले जातात, ते आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घराचा पहारेकरी सुट्टीवर पाठवून मग पाहुणा आत घेण्याचाच हा प्रकार.

दुरुस्तीला देताना काय पाहावे?

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी १६ दुकानांत किरकोळ बिघाडाचे लॅपटॉप दुरुस्तीला दिले आणि आत काय काय उघडले गेले याची गुपचूप नोंद ठेवली. ६ ठिकाणी तंत्रज्ञांनी खासगी फायली पाहिल्या होत्या, दोन ठिकाणी त्या बाहेर कॉपीही केल्या होत्या. लॅपटॉप स्त्रीचा आहे असे भासवले तेव्हा हे जास्त घडले. पनवेलमधले दुरुस्तीवाले तसे असतील असे यातून म्हणता येत नाही, बहुतेकांचा धंदा ओळखीवर आणि विश्वासावर उभा आहे. तरी बिघाड एसएमपीएसचा किंवा पडद्याचा असेल तर डिस्क काढून घरी ठेवूनही संगणक देता येतो. पासवर्ड देणे भाग असेल तर वेगळे खाते बनवून द्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा आणि बिलावर नव्या भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. ‘विंडोज मारून देतो’ या वाक्याचा अर्थ अनेकदा सगळे पुसणे असा असतो, म्हणून फायलींची प्रत कोण काढणार हे आधीच ठरवावे.

नव्या लॅपटॉपधारकांसाठी एक वेगळा सापळा आहे. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केल्या की डिस्क आपोआप सांकेतिक कुलपात जाते. बायोस बदलला किंवा मदरबोर्ड बदलला की ४८ आकडी किल्ली विचारली जाते. ती त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खाते दुकानदाराने विक्रीच्या वेळी कुठल्यातरी ई-मेलवर उघडून दिले असेल आणि तो पासवर्ड कोणालाच आठवत नसेल, तर डिस्क शाबूत असूनही आतले काही मिळत नाही. दुरुस्ती करणाराही ते काढून देऊ शकत नाही.

नवा घ्यायचा तर आताच का नको?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांना स्मृतीच्या चिप प्रचंड प्रमाणात लागत आहेत आणि चिप बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या तो नफ्याचा ग्राहक आधी सांभाळत आहेत. २०२५च्या अखेरीस अनेक प्रकारच्या रॅमचे किरकोळ भाव काही महिन्यांत दुपटीवर गेले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच गुंडाळण्याची घोषणा केली. भारतात असेंबल केलेल्या संगणकांमध्ये क्रुशियल हे घरोघरी ओळखीचे नाव होते. त्यामुळे जिथे ८ जीबीवर भागते तिथे १६चा हट्ट तूर्त महागात पडेल. आठव्या पिढीच्या पुढचा संगणक असेल तर एसएसडी घालून विंडोज ११वर नेणे हा सरळ मार्ग. सातव्या पिढीचा किंवा मागचा असेल, तर मोफत नोंदणी करून ऑक्टोबरपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

आणि ज्या घरात संगणक केवळ ब्राउझर, पत्रे, यूट्यूब यांसाठीच वापरला जातो, तिथे लिनक्सचा विचार करायला हरकत नाही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहता येते. केरळमधल्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवर शिकत आहेत. सी-डॅकच्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्समध्ये मराठीची सोयही आहे. अडचण सवयीची आहे. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणक शिकवला तो विंडोजच्या खिडक्यांतून, त्यामुळे दुसरे काही दिसले की ते परके वाटते. टॅली किंवा काही डिजिटल स्वाक्षरीची साधने वापरणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

जुना द्यायचाच झाला तर भंगारवाल्याला हार्ड डिस्कसकट देऊ नये. ‘डिलीट’ केलेले आणि ‘फॉरमॅट’ केलेले बरेचसे परत काढता येते. डिस्क काढून घ्यावी. स्वस्तातल्या यूएसबी डब्यात घालून ती बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते आणि बिघडलेली असेल तर फोडून टाकता येते. उरलेल्या डब्यासाठी १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रे आहेत आणि उत्पादक कंपन्यांवर तो कचरा परत घेण्याची जबाबदारी आहे. त्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन मागणी नोंदवावी लागते. यूपीएसची जुनी बॅटरी शिशाची असते, ती घरच्या कचऱ्यात कधीच जाऊ नये. नवी घेताना दुकानदार ती परत घेतो आणि तिचे पैसेही वजा करतो.